खोलीपेक्षा गार पाणी

२ तारीख, सोमवार

माणसावर होणाऱ्या अन्यायांची यादी कुणी करत असेल, तर त्याने आजची तारीख टिपून ठेवावी. सकाळपासून मला माझा चहा पिता आलेला नाही. कॉम्प्युटर तापतो म्हणून त्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं आहे. उघड्या बाजूला वारा हवा म्हणून सासूबाईंच्या खोलीतला टेबलफॅन आणून तोंडाशी लावला आहे. त्या वाऱ्याने बिल्डरचे नकाशे उडतात, म्हणून नकाशांवर चहाचा कप ठेवावा लागतो. कप उचलला की तिसरा मजला खिडकीकडे निघतो. एका घोटासाठी मी तीनदा प्रयत्न केला आणि तीनदा जिना पलंगाखालून ओढून काढला. चहाचं आता जे झालं आहे ते लिहीत नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये.

माझा धंदा न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढण्याचा. नसलेल्या बाल्कन्यांत मी नसलेली माणसं बसवतो, त्यांना हसवतो, आणि ते हसणं बघून असलेली माणसं पैसे भरतात. एक चित्र शिजायला कॉम्प्युटरला चार तास लागतात. गेल्या आठवड्यापासून तो दोन तासांतच नव्वद अंशांवर जातो आणि गपकन बंद पडतो.

दुरुस्तीवाला येऊन गेला. म्हणाला, "आतला पंखा मेलाय. साडेतीनशेचा नवा टाका, पाच वर्षं बघायला नको." त्याला पाणी विचारलं आणि वाटेला लावलं. पंखा हा उपाय मला उथळ वाटतो. हल्ली जाणकार लोक पाण्याने थंड करतात. छोटा पंप पाणी ढकलतो, ते तापलेल्या भागावरच्या तांब्याच्या ठोकळ्यातून फिरून एका जाळीत जातं, तिथे निवतं आणि परत टाकीत येतं. (जाळीला वारा घालायला पंखा लागतो, पण तो वेगळा विषय.)

शिवाय पंप म्हटलं की घरातच तज्ज्ञ आहे. म्हणजे घरात नाही, सात तासांवर. बायको पाणीपुरवठ्यात इंजिनिअर. आठ महिन्यांपूर्वी नव्या पंपिंग स्टेशनची मुख्य होऊन गेली. तिची आई आमच्याकडेच राहिली, कारण या वयात नवा नळ शिकणार नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. निरोपसमारंभात मी दोन शब्द बोललो: "तिकडच्या गावाला पाणी मिळेल आणि इकडे मला शांतता." सगळा हॉल हसला. ती पहिल्या रांगेत होती. तेव्हापासून ती रोज फोन करते, आईला. मला निरोप येतात ते गॅसच्या बिलाचे आणि सासूबाईंच्या गोळ्यांचे.

दुपारी एक वाजता तिची फेरी संपते. बरोबर एकला पाठवलं: "कॉम्प्युटर थंड करायला पाण्याचा पंप घ्यायचाय. स्वस्तातला. काय बघू?"

सात मिनिटांत उत्तर: "हेड बघ. लिटर बघू नकोस."

पाच शब्द, आणि त्यात गोळी एकही नाही.

३ तारीख, मंगळवार

स्वस्त पंपांच्या जाहिराती वाचल्या. आमचा बिल्डर यांच्यापुढे संत. ताशी आठशे लिटर, ताशी हजार लिटर, जणू मला कॉम्प्युटरमध्ये पोहायचं आहे.

एक वाजता विचारलं, "हेड म्हणजे नक्की काय?" मला माहीत आहे. बावीस वर्षं जेवताना ऐकत आलो. पण पैशांचा प्रश्न आहे, खात्री केलेली बरी.

"पंप पाणी किती उंच ढकलू शकतो ते. तुझ्या डब्यात उंची नाही, पण बारीक फटींतून घुसायचंय. तिथे जोर लागतो. नुसते लिटर मोकळ्या नळीत मोजलेले असतात, त्यांना काही अर्थ नाही. बावीस वर्षं काय ऐकत होतास?"

शेवटचं वाक्य तांत्रिक नव्हतं.

५ तारीख, गुरुवार

मागच्या गल्लीत एक जण शोभेचे मासे, काचेच्या टाक्या आणि त्यांचे पंप विकतो. दुकानात सगळं बुडबुडतं, माणूस तेवढा कोरडा.

"मासे कुठले आहेत साहेब?"

"मासे नाहीत. कॉम्प्युटर आहे."

त्याने मला नीट पाहून घेतलं. "पोहतो का?"

मग पंप काढले. माशांच्या टाकीचा पंप चारशेला, सरळ भिंतीच्या प्लगवर चालणारा. ताशी हजार लिटर, पण हेड जेमतेम एक मीटर. वर तो स्वतःच तापतो आणि घूं घूं करतो. दुसरा तळहाताएवढा, बारा व्होल्टचा: ताशी दोनशे चाळीस लिटर, हेड तीन मीटर, सहाशेला. तिसरा कुणीतरी परत केलेला, अडीचशेला. त्याच्या पात्यात काय अडकलं होतं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

"पण साहेब, पंख्यात भागत नाही का?"

गावात पंख्याची साथ आहे.

मी काही घेतलं नाही. विचारल्याशिवाय कसं घेणार? चारशेच्या पंपाबद्दल आज विचारलं, सहाशेच्या पंपाबद्दल उद्या विचारेन. दोन प्रश्न एकदम विचारू नयेत, समोरच्याचा गोंधळ होतो.

८ तारीख, रविवार

आज निरोप नाही. सुट्टीच्या दिवशी माणसाला कामाचं विचारू नये, असा माझा नियम आहे. रविवार फार लांब असतो, हे पूर्वी लक्षात आलं नव्हतं.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जावईबापू, तिला तीस तारखेला लेखी कळवायचंय."

"काय?"

"वर्ष संपलं की परत यायचं, का तिकडेच कायम व्हायचं ते. कायम झाली तर घर देतायत. मला वेगळी खोली आहे म्हणे."

"मग तुम्ही नवा नळ शिकणार?"

"मी शिकेन हो. माझी काळजी नको. तुम्ही बोललात का तिच्याशी?"

"रोज बोलतो."

"कशाबद्दल?"

"पंपाबद्दल."

त्यांनी एक शेंग मोडली. आत काहीच नव्हतं. ती बाजूला ठेवली आणि पुढची घेतली.

मी विचारणार नाही. नोकरी तिची, निर्णय तिचा. बायकोच्या नोकरीत नाक खुपसणाऱ्या नवऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली, आता त्यांच्या रांगेत कुठे उभा राहू?

९ तारीख, सोमवार

सहाशेचा घेतला. तिच्या शब्दांत: "बारा व्होल्टवाला घे. अडीचशेवाल्याला हात लावू नकोस, दुसऱ्याने टाकलेला पंप का टाकला ते तो पंपच सांगतो, पण नंतर." बरोबर नळ्या, तांब्याचा ठोकळा, जाळी, टाकी, आणि टाकीवाल्याने गळ्यात मारलेलं माशांचं थर्मामीटर. एकूण खर्च पंख्याच्या आठपट झाला. काटकसरीला थोडा खर्च येतोच.

नळाचं पाणी चालेल का, विचारलं. "नाही. क्षार धरतात. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आण. आणि दोन गोष्टी लक्षात ठेव. पंप टाकीच्या खाली बसवायचा. कोरडा कधीही चालवायचा नाही, पाच मिनिटंसुद्धा. त्याला पाणीच गार ठेवतं आणि पाणीच वंगण देतं."

असं कुणी विजेच्या पंपाबद्दल बोलतं का? म्हटलं तर माहितीपत्रक आहे. तीनदा वाचलं.

११ तारीख, बुधवार

काल सगळं जोडलं. नियम असा की कॉम्प्युटर बंद ठेवून आधी नुसता पंप चोवीस तास चालवायचा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यूपेपर ठेवायचा आणि कुठला ओला होतो ते बघायचं. मी दर अर्ध्या तासाने गुडघ्यांवर बसून कागद चाचपतो आहे. सासूबाईंनी दारातून पाहिलं. "लहान मूल असतं तर एवढं केलं असतंत का?" म्हणाल्या आणि गेल्या.

कागद कोरडे. पंप बारीक घुमतो, शेजारच्या खोलीत कुणीतरी कामात असल्यासारखा. दार उघडं ठेवून जेवलो.

तिला कळवलं की चालतो, पण थोडा कुरकुरतो. उत्तर लांबलचक आलं: "हवा अडकली असेल. डबा दोन्ही बाजूंना हळूहळू कलंडव, बुडबुडे वर येतील. पंपाखाली स्पंजचा तुकडा ठेव. इथला तीन नंबरचा पंपही असाच आहे, दिवसभर कुरकुर. बाकीचे तीन गुपचूप काम करतात आणि मधूनच दगा देतात. हा बोलतो फार, पण बंद पडलेला नाही अजून. इथल्या पोरांनी त्याला तुझं नाव ठेवलंय. मीच सुचवलं."

डबा कलंडवला. बुडबुडे आले. स्पंज कापायला भांडी घासायचा नवा घेतला.

तीन नंबर. चारातला तिसरा.

१३ तारीख, शुक्रवार

कॉम्प्युटर चार तास चालला, अठ्ठावन्न अंशांच्या वर गेला नाही. चित्र पूर्ण झालं. ते पाठवल्यावर बिल्डरचा फोन.

"कलाकार, एक विचारू? ही कोण बाई?"

"कुठली?"

"खांद्याला पिशवी घेतलेली. गेटातून आत येताना दाखवलीय. मागच्या चित्रात पण होती. त्याच्या मागच्यात पण. आमच्या चार प्रोजेक्टांत एकच बाई घरी येतेय."

"तिची सावली बरोबर पडते. सकाळच्या उन्हाला फिट आहे."

"असेल, पण कधी निघताना दाखवा की. गिऱ्हाईकाला वाटेल इथे एकच बाई राहते."

धंद्यातल्या लोकांना चित्रातलं कळत नाही. निघताना दाखवली तर पाठ दिसते.

१४ तारीख, शनिवार

लिहायला लाज वाटते, पण ही वही खोटं लिहिण्यासाठी नाही. त्यासाठी माझा व्यवसाय आहे.

पंप टाकीच्या खाली, मागच्या अंधारात होता. मला वाटलं, एवढा देखणा पंप, वर बसवून काचेतून दिसला तर काय बहार येईल. मी चित्रकार आहे, माझी वाईट खोड हीच आहे: जे चालतं ते मला पुरत नाही, ते दिसायला हवं. नळ्या सोडवून पंप टाकीच्या वर बसवला. तिला फोटो पाठवावा, खाली काय लिहावं, या विचारात पंप चालू केला. काहीतरी सहज वाटेल असं वाक्य हवं होतं. "हा बघ तुझा पाच नंबर" लिहिलं, खोडलं. "याला अजून नाव ठेवलेलं नाही" लिहिलं, खोडलं. पंचवीस मिनिटं गेली असतील. वास आला तेव्हा समजलं की पाणी वर चढलंच नव्हतं. पंप इतका वेळ कोरडा फिरत होता. शेवटी शेवटी तो फार गोड आवाज करत होता, मला वाटलं रुळला.

हाताला चटका बसला. सहाशे गेले. तिने सांगितलेल्या दोनच गोष्टी होत्या.

फोटो पाठवला नाही. तिचाच निरोप आला: "चालतोय ना? किती अंश?"

तिने आपणहून विचारलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"मस्त चालतोय," लिहिलं. "छप्पन्न."

१७ तारीख, मंगळवार

सासूबाईंचा टेबलफॅन पुन्हा माझ्या खोलीत आणला.

"पंपाला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"विश्रांती."

"माझ्या पंख्याला कधी देणार?"

एक वाजता बायकोला कळवलं, प्रोसेसर पंचावन्न, पाणी चौतीस. हे आकडे रचायला मला त्रास होत नाही. नसलेल्या घरात ऊन कुठल्या कोनातून येईल हे ज्याला सांगता येतं, त्याला नसलेल्या पाण्याचं तापमान काय अवघड? ती म्हणाली, "चांगलं आहे. मला वाटलं होतं तू दुसऱ्या दिवशी नाद सोडशील." मग एका कालव्याच्या गेटबद्दल लिहिलं, आणि ऑफिसच्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडाबद्दल, ज्याचं नाव तिला ठाऊक नाही. मी झाडाबद्दल चार प्रश्न विचारले. नियम मोडला.

नवा पंप आणता येईल. पण मग बसवायला दोन दिवस, तपासायला एक, आणि तोवर तिला काय सांगू?

२० तारीख, शुक्रवार

बावन्न. एकतीस. ती खूश आहे. मी दर दिवशी एकेक अंश उतरवतो आहे. तिला प्रगती आवडते.

सासूबाईंकडून कळलं की तिने तिकडचं मिळणारं घर पाहून घेतलं. स्वयंपाकघराला दोन खिडक्या आहेत. मला हे तिने सांगितलं नाही. मी विचारलं नव्हतं.

२३ तारीख, सोमवार

दुपारी तिने विचारलं, "खोलीत किती आहे?" थर्मामीटर बघून खरं सांगितलं: "एकतीस. उकाडा आहे." आणि ओघात सवयीने पुढचं लिहिलं: "पाणी मात्र अठ्ठावीस. कमाल आहे तुझ्या पंपाची."

नेहमी सात मिनिटं लागतात. आज चाळीस लागली.

"पाणी खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. जाळीला लागतो तो खोलीतलाच वारा. एकतीसच्या खोलीत एकतीसच्या खाली जाणार नाही, जगातला कुठलाही पंप लाव. पंप बंद आहे ना? कधीपासून?"

फोन उपडा ठेवला. नंतर पाहिलं तर खाली आणखी एक ओळ होती: "आणि मग तू रोज विचारत काय होतास?"

२४ तारीख, मंगळवार

टाकीवाल्याकडे गेलो. जळका पंप त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो कानाशी नेऊन हलवला.

"कोरडा चालवलात."

"थोडा वेळ."

"दुसरा देऊ? तुमच्यासाठी साडेपाचशे."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. त्याने मागे पाहून एक मासा मोजला की काय केलं, मग म्हणाला, "साहेब, विकायला बसलोय म्हणून विकेन. पण तुमचं पंख्यात भागतंय. पहिल्या दिवशीही भागत होतं. ते तुम्हाला माहीत होतं, हे मला दिसत होतं. कुणासाठी घेताय ते मला माहीत नाही, पण कॉम्प्युटरसाठी नाही घेत."

एवढं स्पष्ट बोलणारा माणूस धंद्यात टिकत कसा असेल? घरी येताना साडेतीनशेचा पंखा घेतला. बसवायला दहा मिनिटं लागली. कॉम्प्युटर साठ अंशांवर मुकाट चालतो आहे. बोलायला काही उरलं नाही.

बायकोचा निरोप नाही. माझाही नाही.

२६ तारीख, गुरुवार

टेबलफॅन सासूबाईंच्या खोलीत नेऊन ठेवला. त्या म्हणाल्या, "बसा."

बसलो.

"ती तुमच्या भाषणावर रागावली असं तुम्हाला वाटतं ना?"

"रागावली नाही?"

"भाषणावर? बावीस वर्षं तुमची भाषणं ऐकतेय ती. राग यायचा असता तर लग्नातच आला असता." चष्मा पुसला. "निघायच्या आठ दिवस आधी, सकाळी, ती ओट्याशी होती. तिने तुम्हाला विचारलं, 'जाऊ का?' मी इथेच होते. तुम्ही काय म्हणालात?"

आठवत नाही म्हणालो. मग खोलीत येऊन या वहीची जुनी पानं उलटली. त्या दिवशीच्या नोंदीत सापडलं. मी म्हणालो होतो, "मला काय विचारतेस? पाणी कुणाला विचारून चढतं का?" खाली मी स्वतःच लिहून ठेवलं आहे: "आज बरं सुचलं."

तिने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही. बहुतेक दिलं नसावं. किंवा मी तोवर उठून वहीकडे आलो असेन.

२८ तारीख, शनिवार

सकाळपासून निरोप लिहितो आहे. पहिल्यात तीन विनोद होते. दुसऱ्यात एकच, पण तो तिसऱ्यापेक्षा चांगला होता म्हणून तिसरा फाडला, म्हणजे पुसला. चौथा इतका गंभीर झाला की बँकेकडून आल्यासारखा वाटायला लागला. सासूबाई दोनदा दारावरून गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "जावईबापू, तिला परीक्षेला बसवायचंय का तुम्हाला बसायचंय?"

पाठवला नाही.

२९ तारीख, रविवार

उद्या तिला कळवायचं आहे. रविवारचा नियम मोडला. लिहिलं ते इथे उतरवून ठेवतो, म्हणजे पुढे मी वेगळं काही लिहिल्याचं मला आठवू नये.

"पंप चौदा तारखेला जळला. टाकीच्या वर बसवला आणि कोरडा चालवला. त्यानंतरचे माझे सगळे आकडे खोटे होते. खोलीचे एकतीस तेवढे खरे. आता साडेतीनशेचा पंखा आहे आणि नीट चालतो. पंख्याने भागेल हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण पंख्याबद्दल तुला काय विचारणार? तू ओट्याशी विचारलं होतंस, जाऊ का. त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलं आहे. तू जावंस असं मला वाटत होतं, काम मोठं होतं आणि तुझ्या जोगं होतं. तू जाऊ नयेस असं त्याहून जास्त वाटत होतं. दोन्ही खरं होतं, दोन्ही तेव्हाच सांगायला हवं होतं. आजही दोन्ही तसंच आहे. उद्या काय कळवायचं ते तू ठरव. तिकडे कायम झालीस तर मला सात तासांचा रस्ता पाठ करता येईल. हे उत्तर देणं होतं, ते दिलं."

शेवटी एक कोटी सुचली होती. घातली नाही.

बारा वाजून दहा मिनिटं. पाठवलं. सासूबाई ताटं वाढतायत, जेवायला जातो.